वस्ताद, पंच आणि पी.टी.चे सर : शालेय कुस्तीतल्या आयुष्यभराच्या सेवेचा मान

कुस्ती कोणी जिंकली ते सगळ्यांना आठवतं. जिंकणाऱ्याला पहिला डाव कोणी शिकवला, हे त्याच्या गावातल्या चार लोकांना माहीत असतं. आणि त्या कुस्तीत पंच कोण होता, हे बहुतेक वेळा कोणालाच आठवत नाही.

स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी हा क्रम जरा उलटा करून पाहायला हवा. पदकविजेत्याची नोंद सरकारदरबारी होते, वर्तमानपत्रांत होते, ऑलिंपिकच्या दप्तरात होते. तीस-तीस वर्षं शाळेच्या पोरांना मातीत उतरवणारे शिक्षक आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने किंवा रेल्वेने जाऊन पंचगिरी करणारी माणसं यांची नोंद फार तर एखाद्या शालेय अंकात किंवा भिंतीवरच्या फोटोत सापडते. शाळेची इमारत पडली की तीही जाते. म्हणून या लेखात तीन गोष्टी मांडायच्या आहेत : शालेय कुस्तीत प्रशिक्षक आणि पंच नेमकं काय करतात, आपल्याकडे त्यांचा मान कसा केला गेला, आणि त्या मानात काय कमी राहिलं.

शब्द आपल्याच गल्लीतले

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला कुस्तीचे शब्द दोन्हीकडून ओळखीचे वाटतात. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मूळ शब्द अरबी, अर्थ शिकवणं. मराठीत तोच शब्द व्यायामशाळेसाठी आणि नाटकाच्या सरावासाठी रूढ झाला. ‘वस्ताद’ हा ‘उस्ताद’चाच मराठी अवतार. म्हणजे आपल्या भाषेनेच सांगून ठेवलंय की तालीम ही शाळा आहे आणि वस्ताद हा शिक्षक.

‘पंच’ हा शब्द मात्र गावगाड्यातला, पाच जणांनी मिळून निवाडा करण्याच्या पद्धतीतून आलेला. जत्रेच्या फडात पंच म्हणजे गावातली मान्य माणसं किंवा जुने पैलवान. जोड लावणं हेही त्यांचंच काम. कोणाची कुस्ती कोणाशी, इनाम किती, हे ठरवताना वजनकाटा नसायचा. नजरेचा अंदाज असायचा. मातीतली कुस्ती निकाली व्हायची ती चितपट झाल्यावर, म्हणजे पाठ मातीला टेकल्यावर. नाहीतर बरोबरीत सोडवली जायची. निकाल लोकांना पटला नाही तर फडात गोंधळ व्हायचा, आणि तो आवरायला पंचाकडे शिट्टी किंवा नियमावली नव्हती. त्याचं गावातलं वजन हीच त्याची सत्ता.

शाळेच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि या दोन्ही भूमिका बदलल्या. वस्तादाच्या जोडीला पी.टी.चे सर आले, आणि गावपंचाच्या जागी परीक्षा देऊन आलेला रेफरी आला.

शालेय कुस्तीत कोण काय करतं

शालेय खेळांची देशपातळीवरची संघटना, स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडिया, 1954 साली सुरू झाली. शालेय स्पर्धांमध्ये 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयोगट असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशी शिडी चढावी लागते. या शिडीच्या प्रत्येक पायरीवर मुलाबरोबर एक मोठं माणूस लागतं. जन्मदाखला, शाळेचं ओळखपत्र, प्रवेशिका, प्रवासाची परवानगी, मुक्काम, खाणं हे सगळं तेच बघतं. डाव शिकवणं हा या कामाचा एक भाग झाला.

दुसरा भाग वजनाचा. स्पर्धेत वजन करताना पोरगं गटापेक्षा अर्धा किलो जास्त भरलं की त्याला उपाशी ठेवून, पाणी तोडून, पळवून वजन उतरवायचा मोह होतो. वाढत्या वयात हे घातक असतं. चांगला प्रशिक्षक त्या मुलाला वरच्या गटात खेळवतो, हरला तरी चालेल म्हणतो. हा निर्णय कुठल्याही निकालपत्रकात दिसत नाही. पण तो घेणारा माणूस त्या मुलाचं आरोग्य राखत असतो.

आता पंचांकडे येऊ. मॅटवरच्या कुस्तीत तीन अधिकारी असतात : मॅटवर उभा असलेला रेफरी, बाजूला बसलेला जज आणि मॅट चेअरमन. रेफरीच्या डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला निळी पट्टी असते. ज्या रंगाच्या पैलवानाला गुण द्यायचा तो हात वर, आणि बोटांनी गुणांची संख्या. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं की गुण पक्का. मोठ्यांची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंद विश्रांती. लहान गटांत फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते.

हे नियम कोणालाही पाठ करता येतात. अवघड आहे ते क्षणभरात ओळखणं. पोराचा हात उलटा जातोय का, मान दुमडतेय का, पकड कायदेशीर आहे की घातक? दोन्ही हात काखेतून घालून मानेवर दाब देण्याची ‘डबल नेल्सन’ ही पकड लहान वयोगटांना बंद आहे, कारण कोवळ्या मानेला तो दाब सोसत नाही. शिट्टी अर्ध्या सेकंदाने उशिरा वाजली तर काय होऊ शकतं हे सांगायला नको. त्याशिवाय नखं कापली आहेत का, अंगावर संसर्गजन्य त्वचारोग नाही ना, हेही कुस्तीआधी तपासलं जातं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डझनावारी कुस्त्या, बाजूला आरडाओरडा करणारे पालक, आणि शेवटी हरलेल्या बाजूची नाराजी. पंचाच्या वाट्याला रोज हेच येतं. शालेय स्पर्धेत तर तो बहुधा स्वतः कुठल्यातरी शाळेतला शिक्षक असतो.

हेलसिंकीत कोणी बोलणारं नव्हतं

नियम जाणणारा माणूस का लागतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण मराठी कुस्तीच्याच इतिहासात आहे.

खाशाबा जाधव सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या स्पर्धेची हकिकत अशी सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीबरोबर त्यांची कुस्ती लांबली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावण्यात आलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण तो नियम दाखवून आक्षेप घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. पुढे इशीला सुवर्ण आणि मामेदबेकोवला रौप्य मिळालं.

विश्रांती मिळाली असती तर निकाल बदललाच असता, असं म्हणता येत नाही. पण पैलवानाच्या बाजूने नियम बोलणारं कोणीतरी असायला हवं होतं, एवढं नक्की म्हणता येतं.

आणि याच कथेत दुसरी बाजूही आहे. खाशाबांना हेलसिंकीपर्यंत पोचवलं ते गुरुजनांनीच. वडील दादासाहेब हे पहिले वस्ताद. पुढे बाबुराव बलवडे, बेलापुरी गुरुजी आणि गोविंद पुरंदरे यांचं मार्गदर्शन. लंडनच्या वेळी अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर. आणि हेलसिंकीच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खर्डेकरांचं नाव आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आहे, ते शिक्षणक्षेत्रातल्या कामासाठी. बाकीची नावं मात्र खाशाबांच्या चरित्रात एकेका ओळीपुरती येतात.

खुद्द खाशाबांचाही मान उशिराच झाला. 14 ऑगस्ट 1984 रोजी ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, 2000 सालचा. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव देण्यात आलं. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, हा आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. पदक मिळवणाऱ्याला इतकी वाट पाहावी लागली, मग त्याला शिकवणाऱ्याची काय कथा!

पुरस्कार कधी आले, कोणासाठी आले

अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाला. तो खेळाडूंसाठी. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार यायला 1985 साल उजाडलं, म्हणजे मध्ये चोवीस वर्षं गेली. पहिल्या वर्षी तिघांना तो मिळाला : ॲथलेटिक्सचे ओ. एम. नांबियार, बॉक्सिंगचे ओमप्रकाश भारद्वाज आणि कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत. देशातला कुस्तीचा पहिला द्रोणाचार्य मराठी नावाचा आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असेल? नांबियार म्हटलं की पी. टी. उषा आठवते. भागवत हे नाव मात्र कुस्तीच्या बाहेर फारसं पोचलं नाही. दिल्लीच्या बिर्ला व्यायामशाळेचे गुरू हनुमान यांना 1983 साली पद्मश्री आणि 1987 साली द्रोणाचार्य मिळाला.

2002 साली ध्यानचंद पुरस्कार आला. तो खेळातल्या आयुष्यभराच्या योगदानासाठी, निवृत्तीनंतरही खेळासाठी झटणाऱ्या खेळाडूंना. कोल्हापूरचे दादू चौगुले 1973 साली रुस्तम-ए-हिंद झाले, 1974 च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. त्यांना ध्यानचंद मिळाला 2018 साली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2019 मध्ये, ते गेले. द्रोणाचार्य पुरस्कारातही पुढे जीवनगौरवाचा वेगळा गट झाला, वीस किंवा अधिक वर्षं प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी. ध्यानचंद पुरस्काराची जागा आता ‘अर्जुन (जीवनगौरव)’ या पुरस्काराने घेतली आहे.

ही यादी पुन्हा एकदा नीट पाहा. खेळाडू आहे, प्रशिक्षक आहे, निवृत्त खेळाडू आहे. पंच कुठेच नाही. राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांत पंचांसाठी वेगळा पुरस्कार नाही. आणि प्रशिक्षकाच्या पुरस्काराचं मोजमापही शिष्यांच्या आंतरराष्ट्रीय पदकांवरून होतं. शाळेत शिकवणाऱ्याचा उत्तम विद्यार्थी सतरा-अठराव्या वर्षी मोठ्या तालमीत जातो. पदक येतं तेव्हा नाव लागतं मोठ्या तालमीच्या वस्तादाचं. त्यात त्या वस्तादाची चूक नाही. मोजपट्टीच तशी आहे.

जुन्या हैदराबाद राज्यातली एक साखळी

ही साखळी नीट ठेवली तर कशी दिसते, याचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. या लातूर भागातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, 1970 च्या एडिंबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून आले, पुढे रुस्तम-ए-हिंद झाले. लढणं थांबल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. सगळे त्यांना ‘मामा’ म्हणत. त्यांनाही ध्यानचंद पुरस्कार मिळाला. 2011 साली ते गेले.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांचा शिष्य. बीडसुद्धा जुन्या हैदराबाद राज्यातलंच. राहुलला पहिले धडे दिले वडील बाळासाहेबांनी, मग बिराजदार मामांनी, मामांनंतर अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांनी. 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात राहुलने सुवर्ण मिळवलं आणि ते मामांना अर्पण केलं. गुरू जाऊन सात वर्षं झाली होती. वडील, मामा, काका अशी तीनही नावं शिष्याने स्वतः सांगितली, म्हणून ती साखळी आपल्यासमोर आली. असं किती जणांच्या बाबतीत घडतं?

चादरघाट हायस्कूलचे मास्तर

तारनाक्याहून पाहिलं तर आणखी एक नाव घ्यायलाच हवं, जरी ते कुस्तीचं नसलं तरी. सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे फुटबॉलचे रहीमसाहेब, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. तारनाक्याला लागूनच असलेलं हे विद्यापीठ. रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर. काचीगुड्याची शाळा, दारुल उलूम, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी शिकवलं. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळवलं, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरी गाठली. 11 जून 1963 रोजी ते गेले, तेव्हा प्रशिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार अस्तित्वातच नव्हता. त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा सिनेमा आला 2024 साली. तोवर खुद्द हैदराबादेतल्या नव्या पिढीलाही हे नाव फारसं ठाऊक नव्हतं.

एका शाळामास्तराचं नाव साठ वर्षांनी परत आलं, कारण पाठीशी आशियाई सुवर्ण होतं. ज्यांच्या पाठीशी फक्त जिल्हास्तरावरची पोरं आहेत, त्यांच्यावर सिनेमा निघणार नाही. त्यांचं काम आपल्यासारख्यांनाच करावं लागणार.

दुसरीकडे कसं करतात

अमेरिकेत ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावी कुस्तीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, 1976 साली सुरू झालेलं. त्याच्या राज्याराज्यांत शाखा आहेत. या शाखा दरवर्षी कुस्तीतल्या आयुष्यभराच्या सेवेसाठी सन्मान देतात, आणि त्यांत हायस्कूलचे प्रशिक्षक आणि रेफरी दोघेही असतात. इथे ऑलिंपिक पदकाची अट नाही. वर्षानुवर्षं केलेली सेवा पुरते. निवड राज्याच्या पातळीवर होते, त्यामुळे ज्यांनी त्या माणसाला मॅटवर पाहिलंय तेच त्याचं नाव सुचवतात. समारंभानंतर नाव संग्रहालयाच्या दप्तरी राहतं.

आपल्याकडे मान करायची पद्धत नाही असं नाही. मैदान भरलं की हलगीच्या तालावर जुन्या वस्तादांना फेटा बांधतात, शाल-श्रीफळ देतात. हे प्रेम खरं असतं. फक्त त्याची लेखी नोंद राहत नाही. फेटा उतरला, नारळ फुटला, शाल कपाटात गेली. पुढच्या वर्षीच्या कार्यकर्त्याला विचारलं, मागच्या वर्षी कोणाचा सत्कार केला, तर तो आठवत बसतो.

मग आपण काय करायचं

पुरस्कार सुरू करणं आपल्या आवाक्यात नसेल, नोंद करणं आहे. तारनाका, लालागुडा, सिकंदराबाद या पट्ट्यात रेल्वे, विद्यापीठ आणि प्रयोगशाळांच्या नोकऱ्यांमुळे आलेली मराठी घरं आहेत. त्यांच्यातल्या ज्येष्ठांनी गावाकडच्या हायस्कुलात किंवा इथल्या शाळेत कुस्ती केलेली, शिकवलेली, पंचगिरी केलेली असू शकते. विवेकवर्धिनीसारखी 1907 पासूनची मराठी शाळा या शहरात आहे. अशा शाळांचे जुने अंक, बक्षीस समारंभाचे फोटो, खेळांच्या नोंदवह्या पाहायला हव्यात.

कोणा ज्येष्ठाकडे गेलात तर इतकं विचारा :

– कुस्ती कुठल्या शाळेत किंवा तालमीत शिकलात, शिकवणाऱ्याचं पूर्ण नाव काय?
– शिकवायला किंवा पंचगिरी करायला कुठल्या साली लागलात, कधी थांबलात?
– पंचाची परीक्षा कुठे दिली? प्रमाणपत्र, बिल्ला, शिट्टी, नियमपुस्तिका जपून ठेवली आहे का?
– माती कुठली वापरायचे, तिच्यात काय मिसळायचे? मॅट पहिल्यांदा कधी पाहिली?
– तुम्ही दिलेला आणि लोकांना न पटलेला एखादा निकाल आठवतो का? पुढे काय झालं?
– कुठल्या मुलाला खेळवायचं नाही असं तुम्ही ठरवलंत, आणि का?

शेवटचे दोन प्रश्न मुद्दाम आहेत. पदकं कागदावर सापडतात. नको म्हटलेल्या कुस्त्या आणि वेळेवर वाजलेल्या शिट्ट्या फक्त त्या माणसाच्या आठवणीत असतात. फोटो घेताना मागच्या बाजूला नावं, साल आणि गाव लिहून घ्या. फोटोत कडेला उभा असलेला, हातात वही धरलेला माणूस कोण, ते आधी विचारा. बहुतेक वेळा तोच पी.टी.चा सर असतो.

ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात शाळेतून कुस्ती सुरू केली, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. शाल पुढच्या समारंभात देता येईल, पण त्यांची नोंद या उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घ्यायला हवी.